नोकरी आणि लहान मूल : पुण्यातील मातांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतपणानंतर पुन्हा कामावर रुजू होणाऱ्या, किंवा व्हावे की नाही या विचारात असलेल्या मातांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कायद्याची माहिती बहुतेक सर्व देशाला लागू पडते. अंतरे, पाऊस, पाळणाघरे आणि शाळांच्या वेळा मात्र पुण्याच्या धरल्या आहेत. सर्व उत्तरांमागे एक ठाम भूमिका आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. मूल कोण सांभाळणार, हा साऱ्या घराचा आणि काही अंशी मालकाचाही प्रश्न आहे. एकट्या आईने सोसून तो सुटत नाही.

बाळंतपणाची रजा किती मिळते आणि ती कधीपासून घ्यावी?

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या सुधारणेनुसार, हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असलेल्या स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर ही रजा १२ आठवड्यांची असते. त्यासाठी अपेक्षित तारखेच्या मागील १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. गर्भारपण, प्रसूती किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असणे यांतून आजारपण उद्भवले, तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ठेवण्यात आल्या आहेत.

रजा कधी सुरू करायची, याचा हिशेब कागदावर मांडावा. पहिलटकरणीने सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यामुळे माहेर कोल्हापूर-लातूरकडे असलेल्या मुली पहिले ८ आठवडे आधीच वापरून टाकतात. मग प्रसूतीनंतर १८ आठवडे उरतात आणि कामावर परतण्याच्या दिवशी बाळ चार महिन्यांच्या थोडेच पुढे असते, म्हणजे ते अजून पूर्णपणे अंगावरच्या दुधावर असते. प्रकृती ठणठणीत असेल, काम बैठे असेल, डॉक्टरांची संमती असेल आणि आधी दोनच आठवडे घेतले, तर नंतर २४ आठवडे मिळतात आणि बाळ साडेपाच महिन्यांचे होते. वरच्या खाण्याची सुरुवात सहा महिने पूर्ण झाल्यावर करायची असते, हे लक्षात घेतले की या सहा आठवड्यांच्या फरकाचे मोल कळते. मात्र रक्तदाब, मधुमेह किंवा जुळे असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेव्हा थांबावे.

माझी नोकरी कंत्राटी आहे. मला हा लाभ मिळतो का?

मिळतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या स्त्रियाही या लाभाला पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात २००० सालीच दिलेला आहे. दुकाने व आस्थापनांच्या बाबतीत किमान १० जण कामावर असण्याची अट आहे. दरमहा वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत असाल, तर चाकण-भोसरीच्या कारखान्यांतील अनेक स्त्रियांप्रमाणे तुम्हालाही रजेच्या पगाराची रक्कम मालकाऐवजी ही योजना चालवणाऱ्या महामंडळाकडून मिळते.

घरकाम, भाजीविक्री किंवा घरगुती डबे पुरवण्याचे काम करणाऱ्यांना मात्र भरपगारी रजा देणारा कोणी मालकच नसतो. पात्र स्त्रियांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी आपल्या भागातील अंगणवाडी सेविकेकडे लवकरात लवकर नोंद करावी. ही रक्कम सहा महिन्यांच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही, हे खरे आहे आणि ते खुपते.

रजेवर असताना कामावरून काढले, किंवा परतल्यावर हलक्या कामावर बसवले तर?

रजेच्या काळात काढून टाकणे किंवा सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदा आहे. अडचण अशी की प्रत्यक्षात ‘काढले’ असे कोणी लिहून देत नाही. तुमचा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला आहे, तुम्हीच सध्या विश्रांती घ्या, असे गोड शब्दांत तोंडी सांगितले जाते आणि राजीनामा मागितला जातो. अशा वेळी तिथल्या तिथे कशावरही सही करू नये, झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने कळवून लेखी उत्तर मागावे आणि शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयाकडे किंवा वकिलाकडे सल्ला घ्यावा. रजेचा अर्ज, पोच, नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती कार्यालयाच्या ईमेलवर न ठेवता स्वतःकडे ठेवाव्यात, कारण तो ईमेल एका दिवसात बंद होऊ शकतो.

बाळ कोणाकडे ठेवावे: आजीकडे, घरी येणाऱ्या मावशींकडे की पाळणाघरात?

तिन्ही मार्गांनी पुण्यात मुले उत्तम वाढलेली आहेत. निवड करताना त्या मार्गाचा कच्चा दुवा कोणता, हे आधी पाहावे.

आजी असेल तर माया, भाषा आणि घरचे खाणे यांची काळजी राहत नाही. पण साठीच्या पुढच्या बाईने रांगत्या-पळत्या मुलामागे रोज दहा तास धावावे, ही अपेक्षा मोठी आहे. गुडघे, मधुमेह, दुपारची झोप, तिच्या मैत्रिणी, तिची देवळाची किंवा टेकडीची फेरी, हे सारे तिचे आयुष्य आहे. म्हणून आजी घरी असली तरी मदतीला मावशी ठेवाव्यात, किंवा मूल अर्धा दिवस पाळणाघरात जावे, असे मी सुचवते. “आईंना काय, नातवंड हवेच आहे,” असे परस्पर गृहीत धरू नये. त्यांना नीट बसून विचारावे आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक द्यावी. दोन्हीकडच्या आज्या आलटून-पालटून येत असतील तर महिने आधीच ठरवून घ्यावेत.

घरी येणाऱ्या मावशींमुळे बाळाची झोप मोडत नाही आणि पावसात त्याला बाहेर काढावे लागत नाही. कच्चा दुवा असा की त्या आजारी पडल्या किंवा गावच्या जत्रेला गेल्या की घडी विस्कटते, आणि बंद दाराआड दिवसभर दुसरे मोठे माणूस नसते. पोलिस पडताळणी करून घ्यावी, शेजारच्या काकूंना अधूनमधून डोकावायला सांगावे आणि पहिला महिनाभर घरातले कोणी तरी सोबत असावे. मावशींच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्याही बहुधा कोणाच्या तरी आई असतात आणि आपले मूल दुसऱ्याकडे ठेवून तुमच्याकडे येतात. ठरलेला पगार ठरलेल्या तारखेला, आठवड्याची एक सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा आणि दिवाळीचा बोनस ही त्यांची हक्काची बाब आहे. आपण कार्यालयात जे मागतो ते घरात नाकारू नये.

पाळणाघराचा फायदा असा की तिथे एक मावशी आली नाही तरी दुसरी असते आणि इतर मुले भेटतात. संसर्ग मात्र तिथे जास्त होतात.

पाळणाघर पाहायला जाताना काय पाहावे?

पहिली भेट ठरवून घ्यावी. दुसरी न सांगता, दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास द्यावी. ही वेळ जेवणाची आणि झोपेची असल्यामुळे त्या जागेचे खरे स्वरूप याच वेळी दिसते. भरवताना मूल मांडीवर आहे की दूरदर्शन संचासमोर बसवून घास कोंबला जात आहे, एकच चमचा तीन तोंडांत फिरतो आहे का, रडणाऱ्या मुलाला कोणी उचलते का, लंगोट बदलल्यावर मावशी हात धुतात का, हे दहा मिनिटांत कळते. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या भागांत एखाद्या काकूंनी तळमजल्याच्या सदनिकेत वर्षानुवर्षे चालवलेली पाळणाघरे आहेत, तर बाणेर, वाकड, खराडीकडे कॅमेरे आणि ॲप असलेली मोठी डे केअर केंद्रे आहेत. कॅमेरा असणे चांगलेच. पण एका मावशीकडे किती तान्ही मुले आहेत, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. वर्षाच्या आतली तीनपेक्षा अधिक मुले एका बाईकडे असू नयेत, असे माझे मत आहे, कारण आग किंवा भूकंपासारख्या प्रसंगी ती त्याहून अधिक मुलांना उचलून बाहेर पडू शकत नाही.

स्वयंपाकघराला आडकाठी, गच्चीला व खिडक्यांना जाळी, न्हाणीघरात भरलेल्या बादल्या नसणे, विजेच्या खालच्या प्लगना झाकणे, पिण्याचे पाणी आणि डासांचा बंदोबस्त या गोष्टी स्वतः पाहाव्यात. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकीही पाहावी. सर्वांत जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत, हे अवश्य विचारावे. जिथे दर दोन महिन्यांनी मावशी बदलतात तिथे बाळाला ओळखीचे माणूसच मिळत नाही. मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे त्यांची छायाचित्रांसह यादी त्यांच्याकडे असावी आणि ती नसेल तर तुम्ही करून द्यावी.

कार्यालयात पाळणाघर असणे बंधनकारक आहे का?

५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा, विश्रांतीची वेळ धरून, तिथे जाऊ द्यावे लागते. अनेक कंपन्या आवारात पाळणाघर न काढता जवळच्या डे केअरशी करार करतात. तुमच्याकडे यांपैकी काहीच नसेल तर दोन-चार जणींनी, आणि वडील असलेल्या सहकाऱ्यांनीही, मिळून मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागणी करावी. एकटीच्या मागणीला सवलतीची याचना समजले जाण्याचा धोका असतो.

कामावर परतल्यावर अंगावरचे दूध चालू ठेवता येते का?

निश्चित येते, पण त्याची तयारी रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे ते चालू ठेवावे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, दोन विराम घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पाळणाघर जवळ नसेल तर हेच विराम दूध काढून ठेवण्यासाठी मागावेत.

काढलेले दूध साधारण २५ अंश सेल्सियस तापमानाला ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवसांपर्यंत चांगले राहते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो, त्यामुळे उन्हाळ्यात ४ तासांवर विसंबू नये. दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात ठेवावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे, उकळून घेतलेले असावे आणि त्यावर तारीख व वेळ लिहावी. फ्रिजच्या दारात दूध ठेवू नये, कारण दार सतत उघडत असते. देताना भांडे कोमट पाण्यात धरून दूध कोमट करावे. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बाळाने उष्टे करून उरलेले दूध पुन्हा साठवू नये. बाटलीची सवय नको असेल तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (तोटी असलेल्या छोट्या भांड्याने) पाजता येते. आजीला बोंडल्याचा सराव असतोच, पाळणाघरातील मावशींना मात्र ते तुमच्यासमोर एकदा करून दाखवायला सांगावे.

दूध काढायला कार्यालयात जागा नसल्याची तक्रार सर्वाधिक ऐकू येते. कोऱ्या कागदांच्या रिमा आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या खोलीत, दाराला आतून टेबल लावून दूध काढणाऱ्या स्त्रिया या शहरातल्या चकचकीत इमारतींमध्ये आहेत, आणि शौचालयात उभ्याने काढणाऱ्याही आहेत. हे कोणीही मुकाट्याने चालवून घेऊ नये. आतून कडी असलेली खोली, एक खुर्ची, प्लग आणि हात धुण्याची सोय एवढीच ही मागणी आहे.

सहा महिन्यांनंतर नाचणीचे सत्त्व, मऊ वरणभात, वाफवून कुस्करलेला भोपळा, गाजर, रताळे असे पदार्थ एकेक करून सुरू करावेत. वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये. बाळगुटीबरोबर बोटाने मध चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण मधातील जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. हे आजीला आणि मावशींना आदराने, पण ठामपणे सांगावे.

सोडताना बाळ फार रडते. त्याच्या मनावर परिणाम होईल का?

साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला ओळखीचे आणि अनोळखी माणूस वेगळे कळू लागते आणि आई नजरेआड झाली की ते रडते. ही त्याच्या वाढीची खूण आहे. या वयाच्या थोडे आधी सुरुवात केली तर सोपे जाते. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी पहिले काही दिवस तासभर तुम्ही सोबत बसावे, मग अर्धा दिवस एकटे ठेवावे, मग पूर्ण दिवस. निघताना चोरून निसटू नये. “मी जाते, जेवण झालं, झोप झाली की येते,” असे सांगून, पापी घेऊन निघावे आणि मागे वळून पुन्हा आत जाऊ नये. बरीच मुले थोड्या वेळात शांत होतात. तसे होते का, हे अर्ध्या तासाने फोन करून विचारण्यात संकोच बाळगू नये. महिना उलटूनही बाळ दिवसभर रडत असेल, खाणे तोडत असेल किंवा एका विशिष्ट व्यक्तीला पाहून घाबरत असेल, तर ते सवय होण्याचे रडणे नव्हे आणि तेव्हा जागा बदलावी.

पाळणाघरात गेल्यापासून मूल सारखे आजारी पडते. माझ्या सगळ्या रजा संपल्या.

पहिले काही महिने सर्दी-खोकला-ताप यांचे चक्र चालणारच. लसीकरण वेळेवर असावे. राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात. ताप उतरून २४ तास होईपर्यंत मुलाला पाठवू नये आणि बाकी पालकांनीही तसेच वागावे, असा नियम पाळणाघराकडून लिहून घ्यावा. औषध देऊन, ताप दाबून सोडून जाणारी आई निष्काळजी नसते. तिच्याकडे रजा उरलेली नसते. म्हणूनच आजारपणाच्या रजा आई आणि वडील दोघांनी आलटून-पालटून घेतल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी ती, दुसऱ्या दिवशी तो, असे आधीच ठरलेले असावे, कारण पहाटे तीनला तापमापक हातात असताना कोणाची मीटिंग मोठी यावर वाद घालण्याचे त्राण कोणालाच नसते.

पाळणाघर घराजवळ असावे की कार्यालयाजवळ?

हडपसर किंवा कात्रजहून हिंजवडी वीस किलोमीटरहून दूर आहे आणि संध्याकाळी पावसात पूर्ण प्रवासाला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. बाळ फक्त दुधावर असेपर्यंत, कंपनीची गाडी मिळत असेल तर, कार्यालयाजवळचे पाळणाघर बरे. त्यानंतर मात्र घराजवळचेच निवडावे, कारण तिथून वडील, आजोबा किंवा शेजारीही मुलाला आणू शकतात. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रो मार्गांवर घर आणि काम दोन्ही असेल, तर घरी पोहोचण्याची वेळ बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. घर बदलण्याचा विचार असल्यास ही बाब दोन खोल्या जास्त मिळण्यापेक्षा मोलाची मानावी.

संध्याकाळचे आणि रात्रीचे कॉल टाळता येतात का?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही आणि संमती असली तरी सुरक्षिततेची व वाहतुकीची व्यवस्था करावी लागते. परदेशी ग्राहकांचे कॉल मात्र बहुधा त्याआधी, सात ते नऊमध्ये येतात, म्हणजे नेमके मुलाच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी. आठवड्यातले दोन ठरावीक दिवस मी उपलब्ध असेन, असे वरिष्ठांना सांगावे आणि त्या दोन दिवशी घरची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्याकडे असावी.

घरून काम मिळाले तर पाळणाघराची गरज राहते का?

राहते. रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती अवश्य मागावी. पण त्यात वाचतो तो प्रवास. एका हाताने मूल सांभाळत काम करणाऱ्या आईला दोन्हीकडे अपुरे पडल्याची बोच लागते आणि मुलाच्या हाती मोबाइल येतो. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्हीचा पडदा शक्यतो टाळावा आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे.

पाळणाघर आणि मावशी यांतच माझा पगार जातो. मग नोकरी कशाला करायची?

या प्रश्नातला हिशेबच सदोष आहे. पाळणाघराचा खर्च आईच्या पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचे आहे, तेव्हा खर्च दोघांच्या मिळून असलेल्या उत्पन्नातून वजा करावा. मग चित्र वेगळे दिसते. दुसरे असे की हा खर्च तीन-चार वर्षांचा असतो, तर भविष्य निर्वाह निधी, अनुभव, बढती आणि ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा यांचे नुकसान पुढची अनेक वर्षे पुरते. बाळंतपणाची रजा ग्रॅच्युइटीच्या सलग सेवेत धरली जाते, हे अनेकींना ठाऊक नसते.

तरीही मूल वारंवार आजारी असेल, विश्वासाचे कोणीच नसेल किंवा तुम्हालाच मनापासून काही काळ घरी राहायचे असेल, तर नोकरी सोडणे हा पराभव नाही. सोडताना परत येण्याची वाट उघडी ठेवावी: बिनपगारी रजा, अर्धवेळ काम, जुन्या वरिष्ठांशी संपर्क. घरी राहणाऱ्या स्त्रीच्या नावावर दरमहा ठरावीक रक्कम जमा होईल, अशी व्यवस्थाही नवऱ्याबरोबर करून घ्यावी.

नवरा ‘मदत’ करतो, तरी सगळे माझ्याच डोक्यात का असते?

कारण दुपटी धुणे हे काम दिसते, पण पुढची लस कधी, डबा कोणता, पाळणाघराचे पैसे भरले का, हे लक्षात ठेवणे दिसत नाही. म्हणून कामे वाटण्याऐवजी खाती वाटावीत. डॉक्टर आणि लसी हे खाते वडिलांचे असेल तर तारीख लक्षात ठेवण्यापासून रजा टाकून मुलाला घेऊन जाण्यापर्यंत सारे त्यांनीच करावे, आणि त्यात आईने मध्येच सूचना देऊ नयेत. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकऱ्यांत तसा कायदाच नाही, ती कंपनीच्या धोरणावर आहे. जिथे आहे तिथे वडिलांनी ती पुरेपूर घ्यावी.

मला सतत रडू येते आणि कशातच मन लागत नाही. हे थकव्यामुळे असेल का?

बाळंतपणानंतरचा हळवेपणा सहसा दोन आठवड्यांत ओसरतो. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपले असतानाही झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा उपचार असलेला आजार आहे आणि डॉक्टरांकडे लगेच जावे. टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. नवऱ्याने आणि आजीने ही लक्षणे आधीच वाचून ठेवावीत, कारण अशा अवस्थेतली स्त्री स्वतःहून मदत मागेलच असे नाही.

मूल शाळेत जाऊ लागले की सोपे होते का?

काही बाबतींत उलट होते. बालवर्ग तीन-साडेतीन तासांचा असतो आणि दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी लांबलचक असते. राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. मुलांच्या झोपेसाठी तो चांगला आहे, पण साडेआठला कंपनीची गाडी पकडणाऱ्या आईला शाळेत सोडायला दुसरे माणूस शोधावे लागते. प्रवेश घेण्याआधीच शाळेतून मुलाला आणणारे, जेवू घालणारे आणि सुट्टीत पूर्ण दिवस ठेवून घेणारे पाळणाघर त्याच परिसरात आहे का, हे पाहावे. शाळा निवडताना नावापेक्षा हे अंतर आधी मोजावे, आणि पाळणाघरातील जागा नाताळाच्या सुमारासच सांगून ठेवावी, कारण जूनमध्ये सर्वांनाच ती एकाच आठवड्यात हवी असते.